ऑड्रे हेपबर्न : काळा झगा आणि भुकेची आठवण

थोरांची चरित्रं सांगताना आपण सिनेमातल्या माणसांना सहसा बाजूला ठेवतो. नट-नट्यांकडून मुलं काय शिकणार, असं आपल्याला वाटतं. मलाही तसंच वाटायचं. पण आज ज्या अभिनेत्रीची ओळख करून देणार आहे, तिची गोष्ट वर्गात जरूर सांगा. मी ती तिच्या मागे उरलेल्या वस्तूंपासून सुरू करतो.

डिसेंबर २००६. लंडनमधल्या क्रिस्टीज या लिलावगृहात एक लांब काळा सॅटिनचा झगा विक्रीला आला. 'ब्रेकफास्ट ॲट टिफनीज' (१९६१) या चित्रपटासाठी तो ऑड्रे हेपबर्नकरता शिवला होता. फार तर ७० हजार पौंड येतील असा अंदाज होता. आले ४ लाख ६७ हजार २०० पौंड! आता सांगा बरं, हे पैसे गेले कुठे? ते आले आपल्या भारतात. हा झगा शिवणारे फ्रेंच वेशभूषाकार जिव्हाँशी यांनी तो लेखक डॉमिनिक लापिएर यांच्या संस्थेला दान केला होता, आणि ती संस्था कोलकाता व बंगालमधल्या गरिबांसाठी काम करते. एका नटीचा झगा गरीब मुलांच्या कामी आला. ज्या बाईचा तो होता, तिचं आयुष्य पाहिलं की हे किती योग्य झालं ते पटतं.

बालपण

ऑड्रेचा जन्म ४ मे १९२९ रोजी बेल्जियममधील ब्रुसेल्स येथे झाला. आई डच सरदार घराण्यातली. ऑड्रे सहा वर्षांची असताना वडील घर सोडून गेले. ही जखम तिच्या मनात कायम राहिली. पुढे प्रसिद्ध झाल्यावर तिनं रेडक्रॉसच्या मदतीनं वडिलांना डब्लिनमध्ये शोधून काढलं आणि ते असेपर्यंत त्यांना पैसे पाठवत राहिली. ज्यांच्याकडून माया मिळाली नाही, त्यांच्याशीही ती कर्तव्यानं वागली.

१९३९ साली महायुद्ध सुरू झालं. हॉलंड तटस्थ आहे, तिथं मुलगी सुरक्षित राहील, म्हणून आईनं तिला इंग्लंडहून आर्नहेम या गावी नेलं. पण मे १९४० मध्ये जर्मन फौजा तिथंच घुसल्या. १९४२ मध्ये तिच्या मावशीच्या नवऱ्याला नाझींनी गोळ्या घालून मारलं. ऑड्रे तेव्हा बॅले नृत्य शिकत होती. खिडक्या झाकून चोरून केलेल्या कार्यक्रमांत ती नाचायची आणि जमलेले पैसे नाझींविरुद्ध लढणाऱ्यांना दिले जायचे. अशा कार्यक्रमाला टाळ्यासुद्धा वाजवता येत नसत.

१९४४-४५ चा हिवाळा हॉलंडमध्ये 'भुकेचा हिवाळा' म्हणून ओळखला जातो. अन्नाचा पुरवठा तुटला आणि सुमारे २० हजार माणसं दगावली. लोक ट्यूलिप फुलांचे कंद खाऊन जगत होते. ऑड्रेला कावीळ झाली, रक्त कमी झालं, अंगावर सूज आली. एप्रिल १९४५ मध्ये सुटका झाली आणि पाठोपाठ संयुक्त राष्ट्रांच्या मदत संस्थेचं अन्न आणि कपडे आले. कुणीतरी दूरवरून आपल्यासाठी अन्न पाठवलं, हे ती सोळा वर्षांची मुलगी कधीही विसरली नाही.

ॲन फ्रँक ही तिच्याच वयाची, त्याच देशात लपून राहिलेली मुलगी. ॲनची डायरी वाचून ऑड्रे हादरून गेली. पुढे ॲनची भूमिका तिला देऊ केली गेली, पण ती आठवण सोसवणार नाही म्हणून तिनं नकार दिला.

अपयश आणि यश

युद्धानंतर मोठी बॅले नर्तिका व्हायचं म्हणून ती लंडनला मेरी रॅम्बर्ट यांच्याकडे शिकायला गेली. पण उंची जास्त आणि कुपोषणानं शरीर कमजोर झालेलं. पहिल्या श्रेणीची नर्तिका होणं तुला जमणार नाही, असं तिला स्पष्ट सांगितलं गेलं. विचार करा, जे स्वप्न भुकेतही जपलं तेच मोडलं! ती रडत बसली नाही. नाटकांत, सिनेमांत लहान कामं करू लागली. १९५३ च्या 'रोमन हॉलिडे'नं तिला जगभर नेलं आणि १९५४ मध्ये ऑस्कर मिळालं. त्याच वर्षी नाटकासाठी टोनी पुरस्कारही मिळाला.

'माय फेअर लेडी'साठी (१९६४) ती गाणं शिकली, पण चित्रपटात बहुतेक गाणी दुसऱ्या गायिकेच्या आवाजात घेतली गेली. ऑस्करसाठी तिचं नावही गेलं नाही. म्हणजे यशाच्या शिखरावरही अपमान चुकत नाही. १९६७ नंतर मात्र मुलांसाठी तिनं सिनेमा जवळजवळ सोडला आणि स्वित्झर्लंडमधल्या एका खेड्यात बागकाम करत राहिली.

कर्ज फेडलं

१९८८ मध्ये ती युनिसेफची सदिच्छा दूत झाली. पहिला दौरा दुष्काळग्रस्त इथिओपियाचा. मग सुदान, बांगलादेश, व्हिएतनाम आणि सप्टेंबर १९९२ मध्ये सोमालिया. कॅमेरे आपल्यामागे येतात हे तिला ठाऊक होतं, म्हणून ती त्यांना भुकेल्या मुलांपर्यंत घेऊन गेली. सोमालियाहून परतल्यावर कर्करोगाचं निदान झालं. २० जानेवारी १९९३ रोजी तिचं निधन झालं.

मागे उरलेलं

२०१७ मध्ये 'ब्रेकफास्ट ॲट टिफनीज'ची तिची स्वतःची संहिता ६ लाख ३२ हजार ७५० पौंडांना विकली गेली. तिच्यावर निळसर-हिरव्या शाईनं तिनं खुणा केल्या आहेत. पाठांतराच्या वह्या रंगवणाऱ्या आपल्या मुलांना हे नक्की सांगा. जर्मनीत २००१ साली तिचं तिकीट छापलं गेलं, पण त्यात तोंडात सिगारेट दिसते म्हणून कुटुंबानं परवानगी नाकारली आणि तिकिटं नष्ट केली गेली. वाचलेल्या १० तिकिटांच्या एका पत्र्याला २०१० मध्ये ४ लाख ३० हजार युरो मिळाले. तेही मुलांच्या कामासाठीच गेले. ती स्वतः सिगारेट ओढत असे, हेही मुलांपासून लपवू नका. थोर माणसंही माणसंच असतात.

तिच्यावर पुस्तकंही बरीच आहेत. मुलगा शॉन यानं आईचं चरित्र लिहिलं (२००३), दुसरा मुलगा लुका यानं तिच्या घरगुती स्वयंपाकाच्या आठवणी लिहिल्या, आणि रॉबर्ट मॅटझेन यांच्या 'डच गर्ल'मध्ये (२०१९) युद्धातलं बालपण सविस्तर आहे. एकच पुस्तक वाचायचं झालं तर हे शेवटचं वाचा.

वर्गासाठी उपक्रम : प्रत्येक मुलानं घरातल्या आजी-आजोबांची एक जुनी वस्तू निवडावी, तिची गोष्ट विचारून घ्यावी आणि दहा ओळी लिहाव्यात. आणि एक प्रश्न जरूर विचारा : तुमच्या अडचणीत कुणी केलेली मदत आठवते का? तुम्ही ती कुणाला परत कराल?

ऑड्रेला उत्तर द्यायला त्रेचाळीस वर्षं लागली. पण तिनं ते दिलं.