शंभर कुत्री आणि एक बेट

एकोणिसाव्या शतकातल्या आइसलंडमध्ये कुत्र्यावाचून शेतकऱ्याचे पान हलत नसे. डोंगरावर पांगलेल्या मेंढ्या घरी आणायच्या त्यानेच. हिवाळ्याच्या लांबलचक रात्री माणसे आणि कुत्री एकाच छपराखाली काढीत. असा हा घरचा सोबती माणसांच्या पोटात रोग पेरतो आहे, हे आकड्यांनिशी दाखवून देणाऱ्या माणसाचे नाव हाराल्ड क्राबे.

क्राबे डेन्मार्कचे, जन्म १८३१ चा. शिक्षण डॉक्टरीचे, पण कोपनहेगनच्या पशुवैद्यक महाविद्यालयात ते जनावरांच्या शरीररचनेत रमले. आइसलंड तेव्हा डेन्मार्कच्या अंमलाखाली होते आणि त्या बेटाला एका विचित्र दुखण्याने ग्रासले होते. माणसांच्या यकृतात पाण्याने भरलेल्या गाठी होत, वर्षानुवर्षे वाढत आणि फुटल्या तर जीवही घेत.

मेंढीच्या अशा गाठी कुत्र्याला खाऊ घातल्या की त्याच्या आतड्यात पट्टकृमी तयार होतात, हे जर्मन शास्त्रज्ञ फोन सीबोल्ड यांनी दहाएक वर्षे आधी दाखवले होते. कुत्र्याच्या विष्ठेतून कृमीची अंडी गवतावर पडतात, मेंढी ती चरते आणि तिला गाठी होतात. तीच अंडी हाताला लागून माणसाच्या पोटात गेली, तर त्याचीही तीच गत. प्रश्न एवढाच होता, आइसलंडमध्ये हे चक्र खरोखर किती फिरते आहे?

१८६३ च्या उन्हाळ्यात क्राबे स्वतः बेटावर गेले. त्यांनी शंभर कुत्र्यांची आतडी उघडून पाहिली. अठ्ठावीस कुत्र्यांत तो कृमी सापडला. डेन्मार्कमध्ये त्यांनी पाचशे कुत्री तपासली होती. तिथे तो अवघ्या दोन कुत्र्यांत होता. आणखी पुराव्याची गरज उरली नाही.

पण शेतकऱ्याला हे पटावे कसे? कारण कुत्रा तर ठणठणीत दिसे! यातली खुबी आज आपल्याला कळते. हा कृमी जेमतेम अर्धा सेंटिमीटर लांब. डोक्यावरच्या आकड्यांनी आणि चूषकांनी तो आतड्याच्या अस्तराला घट्ट चिकटतो. जिथे चिकटतो तिथल्या पेशींना थोडी इजा होते, एवढेच. कुत्र्याच्या शरीराला या पाहुण्याची चाहूल लागते, रक्तात प्रतिद्रव्येही तयार होतात. पण ती त्याला हुसकावून लावायला बहुधा पुरी पडत नाहीत. मग पोटात हजारो कृमी घेऊनही कुत्रा आनंदाने शेपटी हलवीत असतो. सोसायचे ते मेंढीने आणि माणसाने!

क्राबे यांचे मोठेपण इथे दिसते. विद्वानांसाठी त्यांनी ग्रंथ लिहिलाच, पण आइसलंडच्या लोकांसाठी त्यांच्याच भाषेत एक छोटी पुस्तिकाही काढली. या लोकांना वाचनाची गोडी होती. हिवाळ्यात रात्री एकाने मोठ्याने वाचायचे आणि बाकीच्यांनी लोकरीचे काम करीत ऐकायचे, अशी घरोघरची रीत. पुस्तिकेतला उपदेश अगदी साधा होता. कापलेल्या मेंढीच्या गाठी कुत्र्याला टाकू नका, त्या जाळा किंवा पुरा. कुत्री मोजकीच पाळा. त्यांना ताटे चाटू देऊ नका.

१८६९ आणि १८९० साली कायदे झाले, कुत्र्यांवर कर बसला आणि पुढे त्यांना जंताचे औषध देणे सक्तीचे झाले. गंमत म्हणजे अशा कामासाठी पुढे अनेक देशांत वापरले गेलेले अरेकोलीन हे औषध आपल्या कोकणातल्याच सुपारीत असते.

१८७१ साली क्राबे यांनी एका आइसलंडकन्येशी लग्न केले आणि बेटाशी त्यांचे नाते कायमचे जुळले. मुलगा क्नूड पुढे मेंदूविकारतज्ज्ञ झाला. लहान मुलांच्या एका मज्जाविकाराला त्याचेच नाव आहे. १९१७ साली क्राबे वारले.

त्यांच्या कामाचे फळ पुढे शवविच्छेदनांत दिसले. १८६० नंतरच्या दशकात जन्मलेल्यांपैकी सुमारे पाचात एकाच्या शरीरात गाठी सापडल्या. विसाव्या शतकात जन्मलेल्यांत त्या जवळपास नाहीशा झाल्या होत्या. पुढे बेटावरून हा रोगच हद्दपार झाला.

आपल्याकडे मात्र तो अजून आहे. मटणाच्या दुकानामागे टाकलेल्या आतड्यांवर भटकी कुत्री तुटून पडतात, तेव्हा क्राबे यांचा उपदेश आठवावा. घरच्या कुत्र्यालाही पशुवैद्याच्या सल्ल्याने जंताचे औषध वेळच्या वेळी द्यावे आणि त्याला कुरवाळल्यावर हात धुऊनच पानावर बसावे. तो धडधाकट दिसतो, एवढ्यावर विसंबू नये.