गोपाळ कृष्ण गोखले : एक माफी आणि नंतरची अठरा वर्षे

बेंगळुरूचे मल्लेश्वरम हे उपनगर १८९८ च्या प्लेगनंतर वसवण्यात आले. दाट वस्तीतील लोकांना मोकळ्या जागेत हलवणे हा त्यामागचा हेतू होता. त्याच सुमारास वसलेल्या बसवनगुडीत डी. व्ही. गुंडप्पा यांनी १९४५ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांच्या नावाने सार्वजनिक कार्याची संस्था स्थापन केली. गोखले यांच्या जीवनातील सर्वांत कठीण प्रसंगही प्लेगशीच निगडित होता.

रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे ९ मे १८६६ रोजी जन्मलेले गोखले १८९७ मध्ये वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी लंडनला गेले होते. पुण्यात तेव्हा प्लेगच्या बंदोबस्तासाठी गोरे सैनिक घरोघरी झडती घेत होते. सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याची माहिती देणारी पत्रे गोखले यांना मिळाली. त्यांनी ती बाब इंग्लंडमधील वृत्तपत्रापुढे मांडली. मुंबई सरकारने आरोपांचा इन्कार केला. दरम्यान रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या, नातू बंधूंना स्थानबद्ध करण्यात आले होते आणि लोकमान्य टिळकांनाही अटक झाली होती. अशा भयग्रस्त शहरात पुरावा देण्यास कोणी पुढे आले नाही. तक्रारी निराधार होत्या असे एवढ्यावरून ठरत नाही, परंतु गोखले यांच्या हाती सिद्ध करण्याजोगे काही उरले नाही. ऑगस्ट १८९७ मध्ये त्यांनी जाहीर माफी मागितली. पत्रलेखकांची नावे मात्र उघड केली नाहीत. स्वकीयांनीही त्यांच्यावर कठोर टीका केली.

पुढील काळात सरकारी आकडेवारी व अहवाल यांच्या आधारेच सरकारला जाब विचारणारे वक्ते म्हणून त्यांची ख्याती झाली. १९०५ मध्ये त्यांनी पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना केली.

परदेशातील मळ्यांवर करारबद्ध असलेल्या भारतीय मजुरांचा प्रश्न त्यांनी कायदे कौन्सिलात नेला. १९१० च्या त्यांच्या ठरावानंतर नाताळला मजूर पाठवणे १९११ पासून बंद झाले. ही पद्धतच रद्द करावी, हा १९१२ चा ठराव मात्र सरकारी बहुमतापुढे फेटाळला गेला. त्याच वर्षी प्रकृती ठीक नसतानाही ते दक्षिण आफ्रिकेत गेले आणि करारमुक्त मजुरांवरील वार्षिक तीन पौंडांच्या कराविषयी तेथील मंत्र्यांना भेटले. कर रद्द होईल, असा त्यांचा समज झाला होता. तो रद्द न झाल्याने १९१३ मध्ये गांधीजींच्या नेतृत्वाखाली मोठा संप झाला. गोखले यांनी देशभरातून निधी उभारला आणि सी. एफ. अँड्रूज व विल्यम पिअर्सन यांना तिकडे पाठवले. १९१४ च्या कायद्याने कर रद्द झाला.

संयुक्त राष्ट्रसंघ तेव्हा नव्हता आणि परक्या देशातील अन्यायाची दाद मागण्यास आंतरराष्ट्रीय समिती वा न्यायासनही नव्हते. आज मानवी हक्क समित्यांना स्वयंसेवी संस्था स्वतंत्र अहवाल सादर करतात. ते काम त्या काळी पत्रे, वर्गणी आणि बोटीचा प्रवास यांच्या बळावर चालत असे.

गोखले यांचे १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात वयाच्या ४८ व्या वर्षी निधन झाले. त्याच वर्षी अँड्रूज व पिअर्सन फिजीला गेले. मळ्यांवरील मजुरांच्या, विशेषतः स्त्रियांच्या हालअपेष्टांविषयीचा त्यांचा अहवाल १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि मार्च १९१७ मध्ये करारबद्ध मजुरांची भरती थांबवण्यात आली.