श्रीनिवास रामानुजन

थोर गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन यांचा जन्म २२ डिसेंबर १८८७ रोजी आजच्या तमिळनाडूतील इरोड येथे झाला. त्यांचे बालपण कुंभकोणम येथे गेले. गणिताच्या ओढीमुळे इतर विषयांकडे दुर्लक्ष झाले आणि महाविद्यालयीन परीक्षेत ते पुन्हा पुन्हा अनुत्तीर्ण झाले. कागद परवडत नसे. म्हणून ते पाटीवर आकडेमोड करीत आणि केवळ निष्कर्ष वहीत उतरवीत.

१९१२ मध्ये मद्रास, म्हणजे आजच्या चेन्नईच्या बंदर कचेरीत त्यांना दरमहा ३० रुपयांची कारकुनी मिळाली. पुढच्याच वर्षी त्यांनी आपली सूत्रे केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना पाठविली. हार्डींनी त्यांचे मोल ओळखले.

आता मद्रास विद्यापीठापुढे पेच उभा राहिला. संशोधनवृत्तीसाठी पदव्युत्तर पदवी आवश्यक होती. रामानुजन यांच्याजवळ तर कोणतीच पदवी नव्हती. विद्यापीठाने नियमापेक्षा गुणवत्ता श्रेष्ठ मानली आणि दरमहा ७५ रुपयांची वृत्ती मंजूर केली. दर तीन महिन्यांनी संशोधनाचा अहवाल द्यावा, अशी अट होती.

१९१४ मध्ये ते केंब्रिजला गेले व १९१८ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. आजारी अवस्थेत मायदेशी परतल्यावर २६ एप्रिल १९२० रोजी मद्रास येथे, वयाची तेहेतीस वर्षेही पूर्ण होण्यापूर्वी, त्यांचे निधन झाले. मद्रास विद्यापीठाची गणित संशोधन संस्था आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते.