रस्ता नको म्हणणारा न्यायाधीश

सिव्हिलच्या विद्यार्थ्याने रस्ता अडवणाऱ्या माणसावर लेख लिहायचा, हे आमच्या वर्गात कुणालाच पटलेलं नाही. रस्ते झालेच नाहीत तर आपल्याला नोकऱ्या कोण देणार, असा त्यांचा साधा प्रश्न. प्रश्न बरोबर आहे. तरीही लिहितोय. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, सांभाळून घ्या.)

माणसाचं नाव विल्यम ओ. डग्लस. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात हे तब्बल छत्तीस वर्षं न्यायाधीश होते. १९७५ मध्ये निवृत्त झाले तेव्हा इतका काळ त्या खुर्चीवर दुसरं कोणीच बसलं नव्हतं.

जन्म १८९८ चा, मिनेसोटातला. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक होते. विल्यम पाच वर्षांचा असताना ते वारले आणि आई तीन मुलांना घेऊन वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा गावी राहिली. (हे वॉशिंग्टन म्हणजे राजधानी नव्हे हं, ती दुसऱ्या टोकाला. हे पार वायव्य कोपऱ्यातलं राज्य.) लहानपणीच्या आजारपणात विल्यमचे पाय अशक्त झाले. तो पोलिओ होता असं त्यांनी पुढे लिहिलं, पण नंतरच्या एका चरित्रकाराने त्यावर शंका घेतली आहे. आजार कुठलाही असो, बारीक पायांवरून मुलं चिडवायची. मग हा पोरगा गावाबाहेरच्या टेकड्या चढायला लागला. एकटाच, पुन्हा पुन्हा. पाय सुधारले आणि चालायचं वेड लागलं ते कायमचं.

पुढचं भराभर सांगतो. स्कॉलरशिपवर कॉलेज, दोन वर्षं शाळेत मास्तरकी, मग १९२२ मध्ये कायदा शिकायला न्यूयॉर्कला. तिकिटाला पैसे नव्हते म्हणून मेंढ्यांच्या मालगाडीबरोबर राखण करत निघाले! येल विद्यापीठात शिकवलं, शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी आयोगाचे अध्यक्ष झाले आणि १९३९ मध्ये रूझवेल्टनी त्यांना सर्वोच्च न्यायालयात नेलं. वय फक्त चाळीस.

आता मुद्द्याचं. १९५४ मध्ये राजधानीजवळच्या एका जुन्या बंद पडलेल्या कालव्यावरून मोटाररस्ता करायचा बेत होता आणि वॉशिंग्टन पोस्टने अग्रलेखातून त्याला पाठिंबा दिला. डग्लसनी सरळ संपादकांना आव्हान दिलं, की माझ्याबरोबर हा काठ चालून बघा. सुमारे ३०० किलोमीटर! संपादक खरंच आले. पूर्ण अंतर चालले ते डग्लस धरून नऊ जण. संपादक त्यांत नव्हते, पण परतल्यावर त्यांचा सूर बराच मवाळ झाला होता.

चार वर्षांनी हाच प्रयोग त्यांनी आपल्या राज्यात केला. तिथे ऑलिंपिक नॅशनल पार्क आहे. पॅसिफिक किनाऱ्याची एक लांबलचक पट्टी १९५३ मध्ये त्या पार्कला जोडलेली होती. या पट्टीवरून हायवे काढायची मागणी जोरात होती. ऑगस्ट १९५८ मध्ये साधारण सत्तर माणसं घेऊन डग्लस केप अलावापासून दक्षिणेला रिआल्टो बीचपर्यंत चालले. तीन दिवस, अंदाजे ३५ किलोमीटर. वय ५९.

ही वाट कशी आहे ते नीट सांगायला हवं, नाहीतर भांडण कशावरून ते कळणार नाही. ओझेट तळ्यापासून समुद्र गाठायलाच पाच किलोमीटर दाट जंगल तुडवावं लागतं. स्प्रूस, सीडर, हेमलॉकची प्रचंड झाडं, खाली नेचे आणि शेवाळ, सगळं ओलंगच्च. मग झाडी संपते आणि एकदम किनारा. पाण्यात उभे खडकांचे सुळके, वाळूवर वाहून आलेले अजस्र ओंडके. इथून पुढे घड्याळ समुद्राच्या हातात! काही टेकाडं थेट पाण्यात घुसलेली आहेत. ओहोटीला त्यांच्या पायथ्याने जाता येतं, भरतीला नाही. मग एक तर वाट बघत बसायचं, नाहीतर दोर धरून वर झाडीत चढायचं आणि पलीकडे उतरायचं. भरती-ओहोटीचं वेळापत्रक खिशात नसेल तर ही वाट धरूच नये.

शेवटी रिआल्टो बीचवर रस्त्याच्या बाजूचे लोक फलक घेऊन उभे होते. पार्क आमचंही आहे आणि आम्हाला रस्ता हवा, असं त्यांचं म्हणणं. पाठीवर बोजा घेऊन तीन दिवस चालणं म्हाताऱ्यांना, लहान मुलांना, अपंगांना कसं जमणार? मला हा मुद्दा फालतू वाटत नाही. ज्याचे पाय एकेकाळी चालत नव्हते त्याच माणसासमोर तो मांडला जात होता, हे तर फारच विचित्र. पण नकाशा उघडून बघा. त्याच पार्कमध्ये दक्षिणेला कलालॉचजवळ हायवे १०१ समुद्राला अगदी चिकटून जातो. रिआल्टो बीचलाही गाडी जाते. म्हणजे गाडीतून समुद्र बघायची सोय होतीच. मधला रस्ता झाला असता तर गाडीवाल्यांना आणखी एक किनारा मिळाला असता आणि चालणाऱ्यांचा होता तो गेला असता. अलाइनमेंट ठरवताना हा हिशोब कुठल्या कॉलममध्ये लिहायचा, हे मला अजून कुठल्या पुस्तकात सापडलेलं नाही.

तो रस्ता झाला नाही. एकट्या डग्लसमुळे नव्हे. पॉली डायरसारख्या कार्यकर्त्यांनी ही पदयात्रा जमवून आणली होती.

माणूस म्हणून डग्लस सोपे नव्हते. चार लग्नं, मुलांशी दुरावा, हाताखालच्या लोकांशी वागणं कडक. त्यांना पदावरून काढायचे प्रयत्नही झाले, १९५३ आणि १९७० मध्ये. आणि न्यायाधीशाने असं रस्त्याच्या वादात उतरावं का? मला विचाराल तर हे थोडं खटकतंच. पण १९७२ मध्ये त्यांनी न्यायालयातही तेच मांडलं. नदी, दरी, झाडं यांच्या नावाने खटला चालवता आला पाहिजे, असं त्यांनी एका निकालात लिहिलं. मत अल्पमतात गेलं.

१९७४ च्या शेवटच्या दिवशी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. पुढची वर्षं व्हीलचेअरवर गेली. १९७७ मध्ये तो कालव्याचा काठ, जो १९७१ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाला होता, त्यांच्या नावे अर्पण करण्यात आला. जानेवारी १९८० मध्ये ते गेले. ऑलिंपिकच्या किनाऱ्याला १९८८ मध्ये कायद्याने वाइल्डरनेसचा दर्जा मिळाला. केप अलावा ते रिआल्टो बीच जायचं तर आजही पायीच जावं लागतं, आणि तेही समुद्राने वाट दिली तर!