एक होता... लक्ष्या!

मराठी विभागासाठी काहीतरी लिहून दे, असं सरांनी सांगितलं तेव्हा मला घामच फुटला. मी पहिलीपासून कॉन्व्हेंटचा. मराठी हा विषय आमच्या शाळेत पी.टी.च्या तासासारखा होता, झाला तर झाला. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका वाचकांनी कृपया पोटात घालाव्यात. पण ज्याच्याबद्दल लिहायचं आहे तो माणूस मला मराठीतच भेटला, त्यामुळे त्याच्यावर दुसऱ्या भाषेत लिहिणं काही जमणार नाही. तो म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे. आपल्या सगळ्यांचा लक्ष्या! एवढ्या मोठ्या कलाकाराला अरे-तुरे करतोय, पण लक्ष्याला अहो-जाहो केलं तर तो कोणी दुसराच माणूस वाटतो.

खरं म्हणजे माझा जन्म झाला तेव्हा लक्ष्या या जगात नव्हता. तरी तो आमच्या अकोल्याच्या घरात दर रविवारी हजर असायचा. दुपारची जेवणं झाली की टीव्हीवर 'अशी ही बनवाबनवी' लागायचा. आई भांडी तशीच ठेवून यायची. आजोबा आपली खुर्ची टीव्हीसमोर ओढायचे. पुढे काय होणार हे सगळ्यांना पाठ, तरी सगळे हसायचे. आजोबांना शेवटी शेवटी ऐकू येत नव्हतं. ते नुसता लक्ष्याचा चेहरा बघून हसायचे, आणि आम्ही आजोबांना बघून.

लक्ष्याचा जन्म १९५४ चा, मुंबईतला. गिरगावात वाढला. घरची परिस्थिती बेताची. लहानपणी घराला हातभार म्हणून त्याने लॉटरीची तिकिटं विकली. गणेशोत्सवातल्या नाटकांमध्ये कामं करता करता त्याला रंगभूमीचं वेड लागलं. पुढे मुंबई मराठी साहित्य संघात तो नोकरीला लागला. म्हणजे रोज नाटकाच्या घरात वावरायचं, पण स्टेजवर मिळाली तर एखादी छोटी भूमिका. अशी बरीच वर्षं गेली. आपण एका बॅकलॉगने खचून जातो, तेव्हा हे आठवायला हरकत नाही.

मग १९८३ च्या सुमारास पुरुषोत्तम बेर्डे यांचं 'टुरटुर' आलं आणि लक्ष्या एकदम लोकांच्या नजरेत भरला. १९८४ मध्ये 'लेक चालली सासरला'. १९८५ मध्ये महेश कोठारे यांचा 'धूमधडाका'. त्यानंतर त्याला थांबायला वेळच मिळाला नाही. 'दे दणादण', 'थरथराट', 'धडाकेबाज'... अशोक सराफ, सचिन, महेश कोठारे आणि लक्ष्या, या चौघांभोवती मराठी सिनेमाची दहा वर्षं फिरली असं म्हटलं तरी चालेल. १९८९ च्या 'मैंने प्यार किया'मुळे तो हिंदीतही घराघरात पोचला.

आता जरा विचार करा. लक्ष्याचे गाजलेले सिनेमे कशावर आहेत? बहुतेक वेळा माणूस जो नाही तो असल्याचं भासवण्यावर! 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) मध्ये भाड्याची खोली मिळावी म्हणून तो साडी नेसून बायको होतो. घर नाही, पैसा नाही, चार पोरं खोटं बोलून डोक्यावर छप्पर मिळवतात. नीट पाहिलं तर ही किती केविलवाणी गोष्ट आहे! पण आपण पोट धरून हसतो. हसताना आपल्याला त्यातलं दुःख दिसतच नाही. ही लेखक वसंत सबनीसांची आणि या नटांची कमाल.

पण या लेखाचं कारण 'बनवाबनवी' नाही. कारण आहे एक वेगळाच सिनेमा, जो मी तीन-चार महिन्यांपूर्वी पहिल्यांदा पाहिला. त्याचं नाव 'एक होता विदूषक'.

झालं असं. रविवारी रात्री आपली मेस बंद असते हे सर्वांना माहीत आहेच. कॉमन रूममध्ये एकाने लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि लक्ष्याचा पिक्चर लावायचा ठराव एकमताने मंजूर झाला. शोधता शोधता हे नाव दिसलं. कोणी ऐकलेलं नव्हतं. लक्ष्या आहे, वर्षा उसगावकर आहे, दिलीप प्रभावळकर, निळू फुले, मोहन आगाशे आहेत, आणि नावातच विदूषक. अजून काय पाहिजे? लावला. वीस-बावीस जण चिवड्याच्या पुड्या घेऊन बसले. मेसचे काकाही आले. काका म्हणजे लक्ष्याचे कट्टर भक्त. तरुणपणी त्यांनी 'धडाकेबाज' टॉकीजमध्ये तीन वेळा पाहिलेला. तेही दाराशी खांद्यावर पंचा टाकून उभे राहिले.

सिनेमा १९९२ चा. 'सामना', 'सिंहासन', 'जैत रे जैत', 'उंबरठा' करणाऱ्या जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेला. लेखन साक्षात पु. ल. देशपांडे यांचं. गाणी ना. धों. महानोरांची आणि संगीत आनंद मोडकांचं. एवढी मोठी माणसं, आणि या सगळ्यांच्या मधोमध आपला लक्ष्या! तो झालाय आबुराव, तमाशातला सोंगाड्या. आई फडावर नाचणारी, बाप गावातला बडा माणूस. फडावर लोकांना हसवता हसवता आबुराव सिनेमात जातो, स्टार होतो. पुढे मित्राच्या नादाने राजकारणाच्या आखाड्यापर्यंत पोचतो. प्रत्येक ठिकाणी त्याच्या हसवण्याला किंमत आहे, त्याला स्वतःला मात्र कोणी विचारत नाही. अख्ख्या महाराष्ट्राला हसवणाऱ्या या माणसाला स्वतःच्या लहानग्या मुलीच्या चेहऱ्यावर हसू आणणं जमत नाही. शेवट सांगत नाही. स्वतः बघा.

विनोद भरपूर आहे यात. पु. लं.नी लिहिलंय म्हटल्यावर असणारच. पण तो हसवता हसवता मध्येच टोचतो. आणि तिथेच आमच्या कॉमन रूमची गंमत सुरू झाली.

पहिला अर्धा तास लक्ष्या दिसला की पोट्टे हसत होते. तो काही बोलायच्या आतच हसत होते. मग हळूहळू हसू कमी झालं. सिव्हिलचा एक जण अशोक सराफ केव्हा येतात म्हणून वाट बघत होता, ते काही आले नाहीत. हा लक्ष्या काऊन रडवून राहिला, असा एकाचा सवाल. दुसऱ्याचं म्हणणं, याला पिक्चर फसला म्हणतात. कोणाला सबमिशन आठवलं, कोणाला मॅच. अर्ध्यापर्यंत आठ-नऊ जण उरले. शेवटी आम्ही चौघं, आणि दाराशी काका.

उरलेल्या चौघांत दर्यापूरकडचा एक ज्युनिअर होता. त्याने सांगितलं की त्याचे आजोबा गावच्या दंडारीत बाईचं सोंग घ्यायचे. पंचक्रोशीत नाव होतं. पण घरात ते कोणाशी फारसं बोलत नसत, आणि त्याला लहानपणी नेहमी वाटायचं की खरे आजोबा कोणते, फडावरचे की ओट्यावरचे? एवढं बोलून तो झोपायला गेला. मला वाटतं, सिनेमाचं याहून चांगलं परीक्षण कोणी पेपरातही लिहिलं नसेल.

काका त्या रात्री काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी वरण वाढता वाढता मला म्हणाले की त्या काळी टॉकीजमध्ये हा पिक्चर पाहिला असता तर त्यांनी डोअरकीपरची कॉलर धरून तिकिटाचे पैसे परत मागितले असते. थोडं थांबून पुढे विचारलं, पुढच्या रविवारी परत लावता काय?

नंतर कळलं की १९९२ मध्ये नेमकं हेच झालं होतं. फक्त पैसे परत मागायलाही लोक टॉकीजपर्यंत फारसे आले नाहीत. समीक्षकांनी वाखाणलं. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यातल्या नृत्यांसाठी लक्ष्मीबाई कोल्हापूरकरांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण तिकीटबारीवर सिनेमा पडला. लक्ष्या म्हणजे हसण्याची गॅरंटी, असं गणित पक्कं झालं होतं. त्या गॅरंटीत रडणं बसत नव्हतं. लक्ष्याने या भूमिकेत जीव ओतला होता आणि सिनेमा न चालल्याचं त्याला फार वाईट वाटलं. पुढच्याच वर्षी, १९९३ मध्ये, 'झपाटलेला' आला आणि धो धो चालला. त्यात तो बोलक्या बाहुल्यांचे खेळ करणारा आहे आणि एका गुंडाचा आत्मा त्याच्या बाहुल्यात शिरतो. रामदास पाध्ये यांचा तो तात्या विंचू आजही पोरांना माहीत आहे. मला मात्र आता तो सिनेमा बघताना वेगळंच वाटतं. स्वतःच्या आवाजात काही सांगून पाहिलेला माणूस पुढच्या वर्षी बाहुला मांडीवर घेऊन बसला आहे, आणि आपण टाळ्या वाजवतो आहोत.

हे फक्त लक्ष्याचंच झालं असं नाही. राज कपूरचा 'मेरा नाम जोकर' १९७० मध्ये असाच आपटला होता. चार्ली चॅप्लिनने १९४७ मध्ये 'मस्यं व्हर्दू'मध्ये आपला लाडका भटक्या सोडून बायकांचे खून करणारा गृहस्थ रंगवला, तर अमेरिकेतल्या प्रेक्षकांनी त्याला झिडकारलं. जगभर प्रेक्षक सारखेच.

पण आपण वऱ्हाडी लोकांनी तरी वेगळं वागायला पाहिजे होतं असं मला वाटतं. आपल्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे ते गाडगेबाबा काय करत होते? कीर्तनात समोरच्या माणसांना प्रश्न विचारून विचारून हसवायचे आणि त्याच हसण्यात त्यांना त्यांचं अज्ञान दाखवायचे. कीर्तन चालू असताना मुलगा गेल्याची बातमी आली आणि बाबांनी कीर्तन थांबवलं नाही, ही गोष्ट अमरावती जिल्ह्यात लहान पोरालाही माहीत असते. म्हणजे एकाच बैठकीत हसणं आणि डोळे पुसणं हे आपल्या आजा-पणज्यांना चांगलं जमत होतं. तिकीट काढून खुर्चीत बसलो, तिथे आपण ते विसरलो की काय?

आता थोडं माझ्याबद्दल, कारण ते सांगितल्याशिवाय मी शेवटपर्यंत का बसलो हे कळणार नाही.

आमच्या विंगचा विदूषक मी आहे. सरांच्या नकला, मेसच्या पोळीवरचे जोक, सगळं माझ्याकडे. गेल्या सेमिस्टरला माझे आजोबा गेले. तेच, खुर्ची ओढून बसणारे. तेरवी आटोपून मी रात्रीच्या गाडीने बडनेऱ्याला उतरलो, ऑटोने होस्टेलवर आलो. पोट्टे जागेच होते. बॅग खाली ठेवायच्या आत फर्माईश झाली, नक्कल कर. आणि मी केली. चांगली पंधरा मिनिटं केली. सगळे हसले, मीही हसलो. नंतर बाथरूममध्ये नळ सोडून बराच वेळ उभा होतो. मी कोणाला दोष देत नाही. मी दारातच हसत आलो होतो, तर त्यांना कळणार कसं? आणि मी तरी कोणाला कुठे सांगितलं होतं?

स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्समध्ये आपण शिकतो की स्प्रिंग ओढून सोडली तर पूर्ववत होते, पण एका मर्यादेपर्यंतच. ती मर्यादा ओलांडली की ती दिसते तशीच, पण पहिल्यासारखी राहत नाही. हसवणारा माणूस दर वेळी पूर्ववत होतो म्हणून आपण त्याला ओढतच राहतो. प्रयोगशाळेत निदान रीडिंग तरी घेतात.

१९९२ नंतर लक्ष्या बारा वर्षं जगला. या काळात 'हम आपके हैं कौन'मधला नोकर लल्लू त्याने केला, बरेच मराठी सिनेमे केले. १९९८ मध्ये पत्नी रुही बेर्डे गेल्या. प्रिया अरुण यांच्याबरोबर त्याने संसार मांडला, अभिनय आणि स्वानंदी ही मुलं झाली. मुलाचं नावच अभिनय ठेवलं, यावरून त्याच्या मनात काय होतं ते समजावं. मूत्रपिंडाच्या आजाराने १६ डिसेंबर २००४ ला तो मुंबईत गेला. वय अवघं पन्नास. तेवढी मोठी गंभीर भूमिका त्याला पुन्हा मिळाली नाही.

काकांच्या आग्रहाने पुढच्या रविवारी आम्ही 'एक होता विदूषक' परत लावला. या वेळी सात जण बसले. काका दाराशी उभे न राहता खुर्ची ओढून पुढे बसले. अगदी आजोबांसारखी. मध्येच एक पोट्टा माझ्याकडे वळला आणि हळूच विचारलं की त्या रात्री तू घरून आला होतास, तेव्हा काय झालं होतं रे? मी सांगितलं. तो काही बोलला नाही, चिवड्याची पुडी माझ्याकडे सरकवली आणि पुन्हा टीव्हीकडे बघायला लागला.

पडद्यावर लक्ष्या बोलत होता. कोणी हसत नव्हतं. सगळे ऐकत होते.

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)