ताराबाई मोडक आणि कडेवरची भावंडे

वर्गमित्रांनो आणि शाळा बघायला आलेल्या मायबापांनो,

कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्या वर्गाचा हजेरीपट बघा. काही मुलींच्या नावापुढे ओळीने लाल शाईने गै. पडलेले दिसेल. मागल्या साली त्यात माझेही नाव होते. माय वावरात गेली की दीड वर्षाचा धाकटा भाऊ माझ्या कडेवर. बाईंनी थोर व्यक्तीचे चरित्र लिहायला सांगितले, तेव्हा बाकीच्यांनी राजे आणि पुढारी निवडले. मी ताराबाई मोडक निवडल्या. कारण कडेवरच्या भावंडाचा विचार करणारी व्यक्ती मला त्यांच्यातच सापडली.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी झाला. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाचे. घरात मुलींना शिकवायची रीत होती, म्हणून ताराबाई १९१४ साली मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या. त्या काळी बी. ए. झालेली बाई गावोगाव सापडत नव्हती. लग्न झाले ते अमरावतीच्या वकिलांशी. म्हणजे आपल्याच जिल्ह्यात त्या काही वर्षे राहून गेल्या! हे वाचून मला फार आनंद झाला. पण तो संसार टिकला नाही. लहान मुलीला घेऊन त्या वेगळ्या झाल्या आणि स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. राजकोटला शिक्षिका घडवणाऱ्या कॉलेजात त्यांनी मोठ्या हुद्द्याची नोकरी केली. ती चांगल्या पगाराची नोकरी सोडून १९२३ साली त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या.

गिजुभाई मूळचे वकील. वकिली सोडून ते लहान मुलांसाठी बालमंदिर चालवत. इटलीच्या मारिया मॉन्टेसोरी यांची पद्धत त्यांनी घेतली होती. मुलाला मारायचे नाही, ओरडायचे नाही, त्याला हाताने करू द्यायचे. १९२६ साली तिथे नूतन बालशिक्षण संघ निघाला. पुढे ताराबाई मुंबईला आल्या आणि १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू केले. इथपर्यंत सगळे शहरात चालले होते. मला खरे म्हणजे पुढचेच सांगायचे आहे.

१९४५ साली ताराबाई मुंबई सोडून बोर्डीला गेल्या. तेव्हा त्यांचे वय त्रेपन्न होते. बोर्डी समुद्रकाठी आहे. तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. मदतीला अनुताई वाघ आल्या. अनुताई बालविधवा, पुण्याच्या शाळेत शिकवणाऱ्या. दोघींनी बालवाडी उघडली, पण गरीब वस्तीतली मुले काही येईनात. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडीनेच मुलाकडे जावे, असे ताराबाईंनी ठरवले. वस्तीतल्या अंगणात जाऊन बसायचे. पोरांचे हातपाय धुवायचे, केस विंचरायचे, नखे कापायची, मग गाणी आणि खेळ. अंगणात भरते म्हणून अंगणवाडी. सरकारची अंगणवाडी २ ऑक्टोबर १९७५ पासून सुरू झाली, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

मॉन्टेसोरीची साधने महाग असत. ताराबाईंनी शिंपले, खडे, बिया, पाने, बांबू, माती यांची साधने केली. (माझे एक सांगणे. बिया आणि चिंचोके मोठ्या मुलांना ठीक. दीड वर्षाच्या लेकराला देऊ नका, ते नाकात घालते. आमच्या घरी हे झालेले आहे.)

१९५७ साली काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे वारली आदिवासींचे पाडे. मोठी मुले शाळेत का येत नाहीत? काही गुरे राखायला जात. त्यांच्यासाठी गुरांच्या कुरणातच शाळा भरवली. आणि काहींच्या कडेवर भावंड असे. त्यांच्यासाठी ताराबाईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणल्या. त्याला विकासवाडी म्हणत. ताई भावाला घेऊन यायची, त्याला पाळणाघरात ठेवायची आणि स्वतः शेजारी वर्गात बसायची. भाऊ रडला तर तिला ऐकू येई.

हे वाचताना मी थांबले आणि दोनदा वाचले. कारण मीही भावाला घेऊन शाळेत येऊन पाहिले होते. तो फळ्याकडे जाई, खडू खाई, सगळे हसत. चार दिवसांनी मीच यायचे बंद केले.

पाळणाघर म्हटले की आपल्याला वाटते, लेकरू झोपवायचे, रडले तर दूध द्यायचे, झाले. ते तेवढेच नाही. लहान लेकरू शिकते ते ओळखीच्या माणसाजवळ. रोज नवे माणूस आले तर ते नुसते बिचकते. एकच माणूस रोज तेच हात, तोच आवाज घेऊन आले तर त्याचा जीव निवतो आणि मग ते इकडेतिकडे बघू लागते, वस्तूला हात लावते. भरवताना, धुताना बोलत राहिले तर त्यातूनच त्याला शब्द सापडतात.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. यंदा माझ्या भावाला शेजारच्या आजीने सांभाळले. पहिले तीन दिवस तो माझी ओढणी सोडीना. आजींनी त्याला ओढून घेतले नाही. त्या आपल्या तांदूळ निवडत बसल्या आणि त्याच्याशी गोष्टी करत राहिल्या. चौथ्या दिवशी तो आपणहून सूपाजवळ गेला. आठवड्याने मी निघाले तर त्याने एकदा वळून आजीकडे बघितले, आजी हसल्या, आणि तो परत वाटी-चमचा वाजवू लागला. मला थोडे वाईटच वाटले! पण दिवाळीपर्यंत त्याला सूप, भाकर, चिऊ, गाय असे शब्द येऊ लागले. मी कडेवर घेऊन फिरत होते तेव्हा तो एवढे बोलत नव्हता. मी त्याला गप्प बसवायला बघत होते, आजी त्याला बोलू देत होत्या.

भारत सरकारने ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण दिले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या वारल्या. अनुताईंनी पुढेही कोसबाडचे काम चालवले, त्या १९९२ साली गेल्या.

आता मायबापांना एक विनंती. आपल्या अंगणवाडीत तीन वर्षांपुढची मुले बसतात. त्याहून लहान लेकरे आपल्या वस्तीत मी मोजली, ती पाच आहेत. त्यांतल्या तिघांना त्यांच्या बहिणी सांभाळतात आणि त्या तिघी आमच्या शाळेच्या आहेत. एक तर माझ्याच बाकावरची. आजी वेचणी संपेपर्यंत पाचही लेकरांजवळ बसायला तयार आहेत. त्यांच्या जोडीला आणखी एक बाई पाहिजे, पण रोज तीच पाहिजे, बदलून बदलून नको. आजींना दोन्ही वेळचा चहा आणि घरटी थोडी ज्वारी द्यावी, असे माय म्हणते. समाजमंदिर दिवसा रिकामेच असते. चावी सरपंचांकडे आहे, आणि ते आज इथे आले आहेत.

— इयत्ता सातवीची एक विद्यार्थिनी