आकड्यांत रमलेले देवळालीचे कापरेकर मास्तर

मोबाईलवर कॅल्क्युलेटर उघडा आणि ११ गुणिले ११ करा. उत्तर १२१. मग १११ गुणिले १११ करा, १२३२१ येईल. असंच एकेक एक वाढवत नऊ एकांपर्यंत गेलं, तर १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा आकडी संख्या मिळते. एकपासून नऊपर्यंत चढायचं आणि परत एकवर उतरायचं. बऱ्याच मोबाईलवर ती पूर्ण मावत नाही, वहीवर मांडून बघा. गुणाकाराची प्रत्येक ओळ एक घर सरकते, म्हणून मधल्या घरात बरोबर नऊ एक जमतात. दहा एक घेतले की हातचा येतो आणि डोंगर मोडतो.

या जातीच्या संख्यांना डेमलो संख्या हे नाव दिलं दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी. डेमलो म्हणजे आजचं डोंबिवली स्टेशन. तिथं त्यांना ही कल्पना सुचली.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. वडील कारकून. आई ते आठ वर्षांचे असतानाच गेली. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं बक्षीस मिळालं. १९२९ ला बी.एस्सी. झाले आणि १९३० पासून नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर. पुढची पदवी नाही, विद्यापीठात नोकरी नाही. १९६२ ला निवृत्त होईपर्यंत मास्तरच राहिले.

पदवी नाही म्हणून मोठमोठे गणिती त्यांना फार मोजत नव्हते. हा नुसता आकड्यांचा खेळ आहे, असं मानलं जायचं. मास्तर पदरचे पैसे घालून परिषदांना जायचे, छोट्या पुस्तिका छापायचे.

त्यांचा सगळ्यात गाजलेला शोध ६१७४. कुठलेही चार आकडे घ्या, फक्त चारही सारखे नकोत. ते उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा. येईल त्या उत्तराचं परत तसंच करा. जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४ येणारच, आणि मग तिथून हलायचं नाही. मास्तरांचं जन्मसालच घ्या. ९५१० वजा ०१५९, उत्तर ९३५१. पुढं ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या वेळी ६१७४.

आकड्यांच्या बेरजेने नि:शेष भाग जाणाऱ्या संख्येला त्यांनी हर्षद म्हटलं, म्हणजे आनंद देणारी. वरच्या सतरा आकडी संख्येतल्या आकड्यांची बेरीज ८१ होते आणि ८१ ने तिला पूर्ण भाग जातो. म्हणजे ती डेमलोही आणि हर्षदही.

१९६६ साली पत्नी गेली. पेन्शन पुरेना, राहणी साधी असूनही. म्हातारपणी पोटासाठी शिकवण्या घ्याव्या लागल्या. १९७५ मध्ये अमेरिकेच्या मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन मासिकात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाचं लक्ष गेलं. १९८६ मध्ये देवळालीतच त्यांचं निधन झालं.

आज ६१७४ ला जगभर कापरेकर स्थिरांक म्हणतात. आपल्या पोरांना मात्र हे नाव ठाऊक नसतं. आज संध्याकाळी घरच्या पोराला चार आकडे निवडायला सांगा आणि वही पुढ्यात ठेवा. वजाबाकीचा सराव तर होईलच, आणि आपल्याच मातीतल्या एका मास्तराचं नाव त्याच्या कानावर पडेल.